सँडो बनियनचं माप घे, बाय!

बाय, क्रोशाचा बिनबाह्यांचा टॉप करायचा म्हणतेस, तर हे वाच आणि मग सुईला हात लाव. आपल्या गिरगाव-लालबागच्या घरांत क्रोशे म्हणजे तोरण, बाळाचं टोपडं नि टीव्हीवरचा रुमाल. तोरण चार बोटं लांब झालं तर दार तक्रार करत नाही, पण टॉप अंगावर चढतो.

१. उन्हाळ्याला सूतच घे, लोकर नको नि अॅक्रिलिकही नको — एप्रिलच्या दुपारी दादरचा पूल चढताना घाम शोषतं ते सूतच.

२. गुंडी घेताना नंबर विचार, नुसता रंग बघून भुलू नकोस — नंबर जेवढा मोठा, तेवढं सूत बारीक. तुझे आजोबा गिरणीच्या साचाखात्यातले. ४० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लडी, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत गेल्या, त्या जागी टॉवर आले. नंबराची भाषा मात्र दुकानात अजून चालते. क्रोशाचा २० नंबरचा दोरा टॉपला घेतलास तर पुढच्या उन्हाळ्यातच घालशील, म्हणून चार पदरी सूत नि अडीच ते तीन मिलिमीटरची सुई बरी.

३. चमक हवी असेल तर मर्सराइज्ड सूत माग — ते कॉस्टिक सोड्यात ताणून काढलेलं असतं, म्हणून त्याला लव कमी नि ताकद जास्त. सोड्याने सूत बळकट होतं हे जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ मध्ये ओळखलं. भाव थोडा चढा पडतो, पण अंगावर घालायच्या कपड्यात तिथे काटकसर करू नये.

४. सगळ्या गुंड्या एकदमच घे आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घे — दादरला असो की भुलेश्वरात, महिन्याने गेलीस की ‘तोच’ पिवळा थोडा निराळा निघतो. एक गुंडी जास्तीची असू दे, उरली तर टोपडं होईल.

५. विणण्याआधी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विण, धू, आणि चिमट्यांनी लटकवून रात्रभर ठेव — सूत स्वतःच्या वजनाने लोंबतं आणि लोकरीसारखं मागे येत नाही. सकाळी मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोज. कडा नेहमी खोटं बोलतात. ‘धुतल्याशिवाय माप नाही, मोजल्याशिवाय माफ नाही,’ हे आपलं घरचंच. आता हिशेब बघ. दहा सेंटिमीटरला २४ टाके आले, तर ८६ सेंटिमीटरच्या घेराला साधारण २०६ टाके लागतात. पण विणताना हात आवळून दहा सेंटिमीटरला २५ बसायला लागले, की त्याच २०६ टाक्यांचा घेर जवळजवळ साडेतीन सेंटिमीटरने घटतो. एवढ्यात श्वास अडकतो गं!

६. शिंप्याला देतेस तो मापाचा ब्लाऊज इथे काढू नकोस — त्याला टक्स असतात, क्रोशाला नसतात. घरातली नीट बसणारी सँडो बनियन जमिनीवर न ताणता पसर आणि मुंढ्याची खोली, गळा, उंची त्यावरून घे.

७. घेर मात्र टेपने अंगावर मोज, छातीच्या सगळ्यात भरल्या जागी — बनियनचं विणकाम जेवढं ताणतं तेवढं क्रोशे ताणत नाही. ‘आकार बनियनचा, घेर टेपचा.’ छाती ३६ इंच असेल तर टॉप ३४ ते ३५ इंच कर. सैल केलास तर दोन धुण्यांत काखेत झोळ येतो.

८. खांद्यापासून खाली विणत ये — पुढचा नि मागचा भाग काखेखाली जोडला, की पुढे गोल गोल विणायचं आणि मधे केव्हाही अंगात घालून बघायचं. उंची कुठे थांबवायची ते आरसा सांगतो.

९. खांद्याची पट्टी मुक्या खांबांचीच हवी, उंच खांबांची नाही — दोनेकशे ग्रॅमचा सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर असतो, आणि जेवढा खांब उंच तेवढी पट्टी ओघळते. ‘मुका खांब बोलत नाही, पण घर धरतो.’ पट्टी दीड इंच रुंद ठेव म्हणजे आतला पट्टा झाकतो. लांबीला मापापेक्षा अर्धा इंच आखूडच ठेव, बाकीचं काम सूत करतं.

१०. सुरुवातीची साखळी अर्धा मिलिमीटर मोठ्या सुईने घाल — साखळी आवळली तर कड चुण्या पडून गोळा होते, आणि ती नंतर कशानेच सुटत नाही.

११. प्रत्येक ओळीअखेर टाके मोज, आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव — तोच लपून बसतो, आणि चार ओळी तो सुटला की मुंढा आपोआप तिरका होतो.

१२. मुंढ्याच्या नि गळ्याच्या कडेला एक फेरा मुक्या खांबांचा, बारीक सुईने, आणि दर सात-आठ टाक्यांनंतर दोनाचा एक — कड अंगाला धरून बसते, वाकलीस तरी काख उघडी पडत नाही. माझ्या मते टॉप नीट बसला की फसला, ते या फेऱ्यात ठरतं. नक्षीचं कौतुक बायका नंतर करतात.

१३. जाळी हवी तर कंबरेला घाल, छातीला दाट वीण ठेव — नाहीतर अस्तर लावावं लागतं, आणि मग हलका टॉप हलका राहिला कुठे? तरी लावायचंच असेल तर मंगलदास मार्केटमधून मलमल आण, आधी भिजवून घे.

१४. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर खालचा गोल भाग विण, मुंढा घरी — गर्दीत दोनाचा एक मोजता येत नाही, आणि धक्क्याने निसटलेला टाका चर्चगेटला पोचल्यावर सापडतो.

१५. घामेजल्या हाताने विणू नकोस, तळव्याला थोडी पावडर लाव — सुई चिकटते, टाका आवळतो, आणि सकाळी नि दुपारी विणलेले भाग दोघींनी विणल्यासारखे दिसतात.

१६. गाठ मारू नकोस, शेवटी वीतभर दोरा सोडून तो तीन दिशांना ओवून टाक — मर्सराइज्ड सुताची गाठ निसरडी, ती धुण्यात सुटते.

१७. धुतलेला टॉप पिळायचा नाही, गॅलरीतल्या दोरीवर टांगायचा नाही. पंच्यात गुंडाळून पाणी काढ आणि सपाट पसरून मापावर सारखा कर — ओला टांगलास तर उंची वाढते नि घेर जातो. टाचण्या स्टेनलेसच्याच वापर, इथल्या खाऱ्या हवेत बाकीच्या रात्रीत गंजतात नि डाग जात नाही.

१८. होळीला सुरुवात कर आणि एप्रिलअखेर पुरा कर — मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो, आणि त्यानंतर असं सुती विणकाम सपाट पसरून वाळत नाही, कुबट वास धरतं. शेवटचा फेरा घालण्याआधी एकदा टॉप घालून माझ्याकडे ये, मागचा गळा तुला स्वतःला दिसत नाही.