कॉर्टिसॉलचे नियमन आणि भेसळयुक्त चूर्णांचा धोका

अंतःस्राव शरीराचा समतोल कसा राखतात, हे आपण सर्वांनीच महाविद्यालयात अभ्यासलेले आहे. तथापि या विषयाचा आपल्या चिकित्सालयाशी व औषधी दुकानाशी किती निकटचा संबंध आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात कॉर्टिसॉल या एकाच स्रावाच्या आधारे हा संबंध स्पष्ट करण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

दोष, अग्नी, धातू व मल यांच्या साम्यावस्थेस सुश्रुताचार्यांनी स्वास्थ्याच्या लक्षणांत स्थान दिले. आधुनिक वैद्यकात क्लोद बर्नार यांनी १९ व्या शतकात शरीरांतर्गत परिसराच्या स्थैर्याचा विचार मांडला; वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली त्यास ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. दोन्ही शास्त्रांची परिभाषा भिन्न असून त्यांची ओढूनताणून सांगड घालण्याचा आमचा हेतू नाही.

नियमनाची रीत

मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीस संदेश देतो, पियुषिका एसीटीएच स्रवते आणि त्यामुळे अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यस्तरातून कॉर्टिसॉल बाहेर पडते. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले की तेच वरील दोन्ही केंद्रांना आवर घालते; कमी झाले की आवर सुटतो. निरोगी प्रौढात ही निर्मिती दिवसाला साधारणतः १० ते २० मिलिग्रॅम असते. पहाटे व सकाळी ती सर्वाधिक, तर मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. ज्वर, आघात, शस्त्रकर्म अशा प्रसंगी ती कित्येक पटींनी वाढते. रक्तदाब व रक्तशर्करा सावरून धरण्याचे सामर्थ्य त्यातूनच येते.

बाहेरून दिलेले स्टेरॉइड

फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवातसदृश संधिविकारात कॉर्टिसोन प्रथम वापरले. अंथरुणास खिळलेले रुग्ण चालू लागले व १९५० चे नोबेल पारितोषिक केंडाल आणि राइखश्टाइन यांच्यासह हेंच यांना मिळाले. परंतु औषध थांबताच व्याधी उलटते आणि दीर्घकाळ दिल्यास दुष्परिणाम होतात, हेही लवकरच ध्यानात आले.

संधिवात वा श्वासावर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या काही चूर्णांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले आढळते. केवळ पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सुमारे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलइतके प्रभावी असते. रुग्णास आराम वाटतो. परंतु मेंदूस ‘पुरेसा स्राव आहे’ असाच बोध होऊन एसीटीएच मंदावते आणि काही आठवड्यांत अधिवृक्क ग्रंथी सुस्तावते. पुढे पुडी संपली वा आपणच ती बंद करविली, तर बाहेरचा पुरवठा तुटतो आणि आतला सुरू होत नाही. तीव्र ग्लानी, अरुची, वमन, चक्कर, रक्तदाब व शर्करेची घसरण ही लक्षणे दिसतात. साध्या ज्वरातही प्राणांवर बेतू शकते. ग्रंथी पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात.

वैद्यांनी काय करावे

१) वाटोळा, सुजल्यासारखा चेहरा, पोटावर जांभळट रेषा, पातळ त्वचा, सहज काळेनिळे पडणे, नव्याने वाढलेला रक्तदाब वा शर्करा दिसल्यास, रुग्ण कोणती पुडी घेतो हे आवर्जून विचारावे.

२) संशय आला तरी पुडी एकाएकी थांबवू नये. प्रथम तज्ज्ञ चिकित्सकाकडे पाठवावे. स्टेरॉइडची ज्ञात मात्रा देऊन ती क्रमाक्रमाने उतरवावी लागते.

३) वमन, ग्लानी व अल्प रक्तदाब एकत्र दिसल्यास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे व स्टेरॉइडच्या संशयाची कल्पना तेथे द्यावी. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन प्राण वाचविते.

औषधविक्रेत्यांसाठी

घटकांची यादी, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेले चूर्ण दुकानात ठेवू नये. असामान्य त्वरेने गुण येतो म्हणून ज्यास मागणी आहे, त्याची अधिक चौकशी करावी. अशी भेसळ औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार दंडनीय आहे.

भेसळ करणारा कोणीही असो, दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. शरीर स्वतःचा समतोल स्वतः राखते. चिकित्सेने त्यास साहाय्य करावयाचे असते. त्याची ती शक्तीच नकळत हिरावून घेणारी पुडी आपल्या हातून रुग्णाकडे जाऊ नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही नम्र विनंती.