धावपट्टीवरील मूक आरंभ : कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धांचा परिचय

शर्यत म्हटली की आपल्या मनात प्रथम आवाज उमटतो. ‘तयार’ ही हाक, पाठोपाठ पिस्तुलाचा बार किंवा शिट्टी, आणि मग कडेला उभ्या मुलांचा गलका. ज्या मुलाला यातले काहीच ऐकू येत नाही, ते शेजारचा हलला की हलते. म्हणजे पाय कितीही चपळ असले तरी शर्यत सुरू होण्यापूर्वीच ते मागे पडलेले असते. येथे उणीव मुलाच्या पायांत नसून आरंभाच्या रीतीत आहे. ही साधी गोष्ट जगाने क्रीडांगणावर कशी मान्य केली, याचा अभ्यास माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या सर्वांनाच उपयोगी पडेल, या हेतूने आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

इतिहास

कर्णबधिरांच्या शिक्षणाची भारतातील पहिली संस्था मुंबईत १८८५ साली, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, ऑगस्ट १९२४ मध्ये, पॅरिस येथे कर्णबधिरांची पहिली आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरली. तिचे प्रवर्तक यूजीन रूबेन्स-अल्काय हे फ्रेंच गृहस्थ स्वतः कर्णबधिर होते. ९ देशांचे १४८ खेळाडू तेथे जमले. मैदानी खेळ पहिल्या स्पर्धेपासूनच तीत आहेत. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली आणि तिची सूत्रे कर्णबधिरांनी आपल्याच हाती ठेवली. दुसऱ्या महायुद्धामुळे पडलेला खंड वगळता ही परंपरा चालू आहे.

आरंभी या स्पर्धांच्या नावात ‘मूक’ हा शब्द होता. २००१ पासून त्यांना ‘डेफलिम्पिक्स’ म्हणतात. आपल्या भाषेतही ‘मूकबधिर’ या शब्दाची जागा ‘कर्णबधिर’ या शब्दाने घेतली आहे. कान ऐकत नाही म्हणून माणूस मुका ठरत नाही. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, ही समज या बदलामागे आहे. केवळ मैदानी खेळांची जागतिक कर्णबधिर अजिंक्यपद स्पर्धा २००८ साली तुर्कस्तानातील इझमिर येथे सुरू झाली. २०२४ ची स्पर्धा तैपेई येथे झाली.

पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी स्वतंत्र गट नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ती पॅरालिम्पिक स्पर्धा. डेफलिम्पिक्स तिच्याहून वेगळी आहे. येथे धावण्याचे अंतर, गोळ्याचे वजन, उडीचे मोजमाप सारे इतरांसारखेच असते. बदलते ती फक्त सूचना देण्याची पद्धत.

नियम आणि पद्धत

ज्या कानाने अधिक चांगले ऐकू येते, त्या कानाची श्रवणहानी सरासरी किमान ५५ डेसिबल असेल तोच खेळाडू पात्र ठरतो. स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा बाह्य भाग काढून ठेवावा लागतो. कोणाकडे महागडे यंत्र आहे आणि कोणाकडे नाही, हा भेद त्यामुळे मैदानाबाहेर राहतो. समतेचा याहून साधा नियम शोधणे कठीण.

धावण्याच्या शर्यतीत प्रत्येक धावपटूच्या पुढ्यात लहान दिवा असतो. लाल म्हणजे जागा घ्या, पिवळा म्हणजे सज्ज व्हा, हिरवा म्हणजे धावा. दिवा खाली, नजरेच्या टप्प्यात असल्याने मान वर करून पंचाकडे पाहावे लागत नाही. याचे महत्त्व एका हिशेबाने ध्यानात येईल. एका धावपट्टीची रुंदी १.२२ मीटर. पहिल्या पट्टीजवळ झालेला बार आठव्या पट्टीपर्यंत पोचायला सेकंदाचा सुमारे चाळीसावा भाग लागतो. एवढ्या अंतरानेही निकाल फिरतो, म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे ध्वनिक्षेपक ठेवतात. ऐकणाऱ्यांसाठी इतकी काळजी घेतली जाते, तर न ऐकणाऱ्यासाठी दिवा ही सवलत नव्हे, तो त्याचा हक्क आहे.

बॅटन देताना ऐकणारे धावपटू हाक देतात. कर्णबधिर संघ पट्टीवरील खुणा, मोजलेली पावले आणि दीर्घ सराव यांवर विसंबतो. प्रेक्षकांची दादही वेगळी असते : टाळ्यांऐवजी हात उंचावून पंजे हलवले जातात.

भारत आणि महाराष्ट्र

भारताच्या कर्णबधिर खेळाडूंनी मोठा पल्ला गाठला आहे. मल्ल वीरेंद्र सिंह यांनी २००५, २०१३ आणि २०१७ या तीन स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. पद्मश्री स्वीकारल्यानंतरही, इतर दिव्यांग खेळाडूंइतकाच मान कर्णबधिरांना मिळावा यासाठी त्यांना २०२१ साली दिल्लीत पदपथावर बसावे लागले. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलमधील काशियास दो सुल येथे भारताने १६ पदके जिंकली, त्यांत ८ सुवर्ण होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोत, पहिल्या स्पर्धेला शंभर वर्षे झाल्यानंतरच्या सोहळ्यात, महाराष्ट्राच्या प्रांजली धुमाळ हिने २५ मीटर पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक पटकावले.

या यशात मोठा वाटा नेमबाजीसारख्या खेळांचा आहे. धावणे, उड्या, फेक यांना तर साहित्यही थोडेच लागते. तरी त्यांत पुढे येणारी मुले कमी दिसतात. मूल कर्णबधिर आहे हेच उशिरा कळते, आणि कळल्यावर त्याला मैदानापासून ‘जपले’ जाते, ही त्यामागची कारणे आम्हांस दिसतात.

आपण काय करू शकतो

पनवेल आणि परिसरातील पाडे-वस्त्यांतून अनेक मुले शिकायला येतात. वर्गात लक्ष न देणारे, हाकेला ओ न देणारे मूल ‘हट्टी’ किंवा ‘मंद’ ठरवण्याआधी त्याची श्रवणचाचणी करावी. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. चाचणीचा आलेख जपून ठेवावा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ‘ऐकू कमी येणे’ ६० डेसिबलपासून धरतो, तर क्रीडास्पर्धेची अट ५५ डेसिबलची आहे. म्हणून दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

शाळांच्या क्रीडादिनी शिट्टीबरोबर रंगीत झेंडा खाली आणावा, आणि तो सर्व मुलांना दिसेल अशा जागी. गोळा किंवा भाला फेकण्याच्या जागेभोवती दोरी बांधावी, कारण ‘बाजूला हो’ ही ओरड प्रत्येकाला ऐकू जाईलच असे नाही. काही कर्णबधिर मुलांना तोल सांभाळणे जड जाते. त्यांना अधिक सराव द्यावा, मैदानाबाहेर बसवू नये. वर्गमित्रांनी दहा-वीस खुणा शिकल्या तरी ते मूल खेळात एकटे पडत नाही.

या कशालाही मोठा खर्च नाही. एक झेंडा, एक दोरी आणि थोडे लक्ष एवढे प्रत्येक शाळेला परवडते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, क्रीडाशिक्षक वा पालक आहेत, त्यांनी आपापल्या गावच्या येत्या क्रीडादिनापासून हा बदल सुरू करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. सर्व मुले एकाच क्षणी निघाली, तरच पहिला कोण आला या प्रश्नाला अर्थ राहतो.