फोटो बोलू दे, पण खरं बोलू दे!



दौंडच्या बॅचमधल्या एका ताईंनी परवा मोबाईल माझ्यापुढे धरला. "सर, पोस्ट चांगली लिहिलीय ना? मग गुळाचं पार्सल परत का आलं?"

पोस्ट खरंच चांगली होती. घरचा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, रसायन न घालता केलेला गूळ. सगळं साध्या भाषेत. पण फोटो? इंटरनेटवरून उचललेला, पिवळ्याधमक ढेपेचा! गिऱ्हाइकानं तो रंग बघून ऑर्डर दिली आणि हातात पडला गडद तपकिरी गूळ. त्याला वाटलं, जुना माल माझ्या गळ्यात मारला.

आता गंमत बघा. रसायन न घातलेला गूळ सहसा गडदच असतो. तो पिवळाधमक दिसावा म्हणून बऱ्याच ठिकाणी हायड्रॉस पावडर घालतात. म्हणजे ताईंच्या मालाचा जो सगळ्यात मोठा गुण, तोच त्यांच्या फोटोनं दोष ठरवला. शब्द एक सांगत होते, फोटो दुसरंच. आणि असं झालं की गिऱ्हाईक फोटोवर विश्वास ठेवतं.

म्हणून आजचा धडा एवढाच: फोटो ही लिखाणाची सजावट नाही, तो तुमच्या शब्दांचा पुरावा आहे.

फोटो कुठले घ्यायचे?

आधी मजकूर लिहा. मग एकेका वाक्यापाशी थांबा आणि विचारा, "हे डोळ्यांना दाखवता येईल का?" ताईंच्या पोस्टवर आम्ही हेच केलं.

"स्वतःचं गुऱ्हाळ" – दाखवता येतं. उकळत्या काहिलीचा फोटो.

"रस भेंडीच्या पाण्यानं साफ करतो" – दाखवता येतं. वर आलेली मळी काढतानाचा फोटो.

"रंग गडद" – दाखवायलाच हवा. फोडलेली ढेप पांढऱ्या ताटात, दिवसाच्या उजेडात.

"रसायन नाही" – हे मात्र फोटोत दिसत नाही. जे नाही, त्याचा फोटो कसा काढणार? ते शब्दांनीच सांगावं लागतं.

मग शब्दांचं काम काय?

जे फोटोत दिसतंय, तेच पुन्हा लिहू नका. समजा, तुम्ही शिरूरहून रांजणगाव एमआयडीसीत डबे पोचवता. ताटाचा झकास फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "स्वादिष्ट घरगुती जेवण". हे तर सगळेच लिहितात! कामगाराला वेगळंच हवं असतं. डबा जेवणाच्या सुट्टीआधी येईल का? महिन्याचे किती? रविवारी मिळेल का? फोटोखाली असं लिहा: "४ चपात्या, २ भाज्या, वरण-भात. दुपारी १२ च्या आत गेटवर. रविवारी सुट्टी." आणि महिन्याचा दर पण लिहा, लपवू नका. भूक फोटो जागवतो, ऑर्डर मात्र माहितीवर येते.

मोबाईलवर काढताना

१. लेन्स आधी पुसा. ओसरीवर किंवा खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात काढा. फ्लॅश नको.

२. फिल्टर नको. माल घरी पोचल्यावर तसाच दिसला पाहिजे.

३. पाकीटबंद माल असेल तर लेबलचा एक फोटो हवाच. निव्वळ वजन, एमआरपी आणि एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर वाचता आला पाहिजे.

४. गूगल बिझनेस प्रोफाइलवर टाकायचा फोटो जेपीजी किंवा पीएनजी असावा, १० केबी ते ५ एमबीच्या दरम्यान.

५. दुसऱ्याचा फोटो उचलू नका. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याखाली फोटोवरही हक्क असतो. आणि कामावरच्या माणसांचे चेहरे येणार असतील तर त्यांना आधी विचारा.

ताईंनी जुना फोटो काढून टाकला. नवीन फोटोत त्यांची खरी, फोडलेली ढेप आहे, आणि खाली ओळ आहे: "रंग गडद आहे, कारण आम्ही तो पिवळा करत नाही." पिवळाच गूळ हवा असणारं गिऱ्हाईक आता पोस्ट बघून पुढे जाईल. जाऊ द्या की! पार्सल परत येण्यापेक्षा ते परवडलं. जो मागवेल, तो बघून-समजून मागवेल, आणि असंच गिऱ्हाईक पुन्हा येतं.

आजचा गृहपाठ

तुमची शेवटची पोस्ट उघडा. मजकूर हातानं झाका आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, "या फोटोवरून काय कळतं?" मग फोटो झाका आणि मजकूर वाचायला द्या. दोन्ही वेळा उत्तर एकमेकांशी जुळलं तर पोस्ट पक्की. नाही जुळलं, तर आजच फोटो बदला. उद्यावर ढकलू नका!