पपईच्या घरच्या बियाण्यासाठी उभयलिंगी झाडाची निवड

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीच्या जोडीला विहिरीच्या ओलितावर पपईची लहान बाग घेता येते. बियाण्याचा खर्च वाचावा म्हणून पुष्कळदा एखाद्या गोड फळाचे बी ठेवून रोपे केली जातात. मात्र फळ कोणत्या झाडाचे आणि त्यास पराग कोठून मिळाला, हे पाहिले जात नाही. त्यामुळे चार-पाच महिने खतपाणी दिल्यावर बागेत निम्मी झाडे नर निघतात. रोपावस्थेत नर-मादी डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून बी धरतानाच काळजी घेणे हाच खरा उपाय होय.

झाडांचे तीन प्रकार

१) नर : लांब, लोंबत्या दांड्यावर बारीक फुलांचे घोस येतात. फळधारणा सहसा होत नाही.
२) मादी : खोडालगत आखूड देठावर मोठे, बुडाशी फुगीर फूल येते. त्यात पुंकेसर नसतात. फळ गोलसर व आत पोकळी मोठी असते.
३) उभयलिंगी : देठ आखूड, फूल लांबट असते. एकाच फुलात पुंकेसर व बीजांडकोश दोन्ही असतात. फळ लांबट, गर जाड व पोकळी लहान असते.

वॉशिंग्टन, को-२, पुसा ड्वार्फ या जातींत नर व मादी झाडे वेगळी असतात. कूर्ग हनी ड्यू, पुसा डेलिशियस, को-७, सूर्या या जातींत मादी व उभयलिंगी झाडे असतात, नर नसतात.

बियांतून काय निघते?

हवाईतील स्टोरी व दक्षिण आफ्रिकेतील हॉफमेयर या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये पपईच्या लिंगाची आनुवंशिकता मांडली. त्यानुसार रोपांचे प्रमाण साधारण असे पडते :

मादी × नर : निम्मी मादी, निम्मी नर
मादी × उभयलिंगी : निम्मी मादी, निम्मी उभयलिंगी
उभयलिंगी × नर : तिन्ही प्रकार सारखे
उभयलिंगी, स्वपरागीभवन : दोन भाग उभयलिंगी, एक भाग मादी

शेवटच्या प्रकारात एकही नर झाड येत नाही, हे ध्यानात घ्यावे. १.८ × १.८ मीटर अंतरावर एकरी सुमारे १,२०० झाडे बसतात. नर-मादी जातीचे एकेक रोप लावले तर त्यांतील ६०० च्या आसपास नर निघतील. परागीभवनास दहा मादींमागे एक नर पुरेसा असतो. बाकीचे उपटावेच लागतात. म्हणूनच अशा जातींत खड्ड्यात तीन रोपे लावून फुलावर आल्यावर विरळणी करतात. उभयलिंगी झाडाच्या स्वपरागित बियाण्याचे खड्ड्यात एकच रोप पुरते, कारण येणारे प्रत्येक झाड फळ देणारे असते.

निव्वळ उभयलिंगी झाडांचेच बियाणे मात्र तयार होत नाही. उभयलिंगीपणाचा घटक आई व बाप या दोन्हींकडून आला तर तो गर्भ जगत नाही. त्यामुळे एक तृतीयांश मादी झाडे येणारच. बियाणे बिघडले असे समजू नये.

बियाण्याचे झाड कसे निवडावे?

उभयलिंगी झाडात एक उणीव आहे. कडक उन्हाळ्यात व पाण्याच्या ताणात त्याच्या फुलातील बीजांडकोश खुरटतो व ती फुले नरासारखी होऊन गळतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा हे हमखास दिसते. असे झाड नर समजून तोडू नये. देठ आखूड असल्यास ते उभयलिंगी होय. थंडीत काही झाडांवर वेडीवाकडी, खाचा पडलेली फळे येतात. मादी झाडात हे दोष दिसत नाहीत. म्हणून उन्हाळा व हिवाळा दोन्ही पाहून, ज्या उभयलिंगी झाडाने कमी फुले गाळली, फळे सरळ दिली, जे बुटके व निरोगी आहे, तेच बियाण्यास राखावे.

बी धरण्याची पद्धत

१) उमलण्यापूर्वीच उभयलिंगी कळीवर बटर पेपरची पिशवी बांधावी. फुलातलेच पराग कामी येतात व शेजारच्या बागेतील नराचे पराग येत नाहीत.
२) फळ धरल्यावर पिशवी काढून देठास रंगीत दोरा बांधावा.
३) फळ झाडावर पिवळे पडू लागल्यावर काढून पूर्ण पिकू द्यावे.
४) बियांवरचे बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढावे, ते राहिल्यास उगवण घटते. बी धुऊन सावलीत वाळवावे व शक्यतो त्याच हंगामात वापरावे.

तैवान ७८६ ही संकरित जात आहे. तिचे बी धरल्यास पुढील पिढीत झाडे व फळे एकसारखी येत नाहीत. तिचे बियाणे दरवेळी नवीनच घ्यावे.

पपईत स्वपरागीभवनाने जोम फारसा घटत नाही. त्यामुळे चार-पाच चांगली झाडे राखून दरवर्षी वरीलप्रमाणे निवड केल्यास शेतकरी बंधूंना आपल्या जमिनीस व हवामानास मानवणारे, नर झाडांचा तोटा नसलेले बियाणे घरच्या घरी तयार करता येईल.