उशिरां झालेलें बारसें

पावसाळ्याच्या दिवसांत दिवेलागणीनंतर खिडकीच्या गजावर एखादा हिरवा, लांब मिशांचा कीटक येऊन बसलेला आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. नाकतोडा समजून आपण त्यास हुसकून लावतों. परंतु नीट न्याहाळलें तर त्याच्या मिशा अंगाहूनही लांब व केंसासारख्या बारीक दिसतात. नाकतोड्याच्या मिशा आंखूड व जाड असतात. हा झुडुपांत राहून बहुधा रात्रीं गाणारा कीटक रातकिड्याचा आप्त होय. इंग्लंडांत त्यास बुश क्रिकेट म्हणतात, अमेरिकेंत कॅटिडिड. या लेखापुरतें आपण त्यास झुडूपकिडा म्हणूं. त्याच्या ८,००० हून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं वर्णिल्या आहेत, आणि त्यांत नवीन जातींची भर पडतच असते. ही भर कशी पडते, व ती वेळेवर पडणें कां अगत्याचें आहे, हें एका उदाहरणानें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 'नवीन जात' ही सृष्टींत नवीन नसते. ती लाखों वर्षें आपल्या जागीं नांदत असते. नवीन असतें तें आपलें ज्ञान. शिवाय कीटक हातीं लागला एवढ्यानेंच जात सिद्ध होत नाहीं. वर्णन करणारास तो त्याच्या सर्व ज्ञात भाऊबंदांशीं ताडून पाहावा लागतो, आणि त्याचें वेगळेपण शब्दांनीं व चित्रांनीं दाखवावें लागतें.

झुडूपकिड्याच्या ठायीं काय पाहावयाचें? रंगावर विसंबून चालत नाहीं. एकाच जातींत हिरवे व तपकिरी असे दोन्ही किडे आढळतात. नराच्या उदराच्या टोकाशीं दोन लहान आंकडे असतात. त्यांचा आकार बहुधा जातीगणिक निराळा असतो. मादीच्या टोकाशीं अंडीं घालण्याचें तरवारीसारखें पातें असतें. त्याची लांबी व बांक पाहावा लागतो. तिसरी खूण म्हणजे वाद्य. नराच्या डाव्या पुढच्या पंखाखालीं कानशीसारखी दंतुर शीर असते. ती उजव्या पंखाच्या कडेवर घासून तो गातो. सूक्ष्मदर्शकाखालीं या शिरेचे दांत मोजतात. हें गाणें ऐकावयाचे कान या किड्यास कोठें आहेत म्हणाल, तर पुढच्या पायांत, गुडघ्यांच्या किंचित् खालीं! मादी आपल्या जातीच्या नरास गाण्यावरून ओळखते. म्हणून अलीकडे वर्णनासोबत गाण्याचेंही ध्वनिमुद्रण करतात.

यानंतर नांव. लिनियस या स्वीडिश पंडिताच्या ग्रंथाची दहावी आवृत्ति १७५८ सालीं निघाली. प्राण्यांचीं शास्त्रीय नांवें तेथून मोजतात. नांवाचा पहिला शब्द कुळीचा, दुसरा जातीचा. ज्या एका नमुन्यावरून वर्णन केलें, तो 'मूळ नमुना' म्हणून संग्रहालयांत जपून ठेवतात. पुढें शंका आली तर निवाडा त्याच्यावरून होतो. त्याच्या टांचणीस एक चिठ्ठी टोंचलेली असते, व तीवर स्थळ, तारीख आणि पकडणाराचें नांव असतें.

आतां आमचें उदाहरण. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं, सान फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस, सान वाकीन नदीच्या कांठीं अँटिओक नांवाचें गांव आहे. त्याच्या शेजारीं वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या उंच टेकड्या होत्या. चहूंकडील प्रदेशापासून त्या अगदीं निराळ्या असल्यामुळें तेथें अन्यत्र कोठेंही न आढळणाऱ्या वनस्पति व कीटक यांची वस्ती झाली होती. परंतु ती वाळू विटांच्या कामीं उपयोगी ठरली. १९०६ च्या भूकंपानें सान फ्रान्सिस्को शहर कोसळलें, तेव्हां पुन्हा बांधकामासाठीं विटांची मागणी वाढली, आणि टेकड्या खणल्या जाऊं लागल्या.

१९३७ सालीं या वाळवंटांत एक नर झुडूपकिडा पकडला गेला. त्याच्या कुळींतील किड्यांची पाठ ढालीसारख्या कवचानें झांकलेली असते. पंख आंखूड, कवचाखालीं दडलेले, केवळ गाण्यापुरते. अशा किड्यास उडतां येत नाहीं. पायांखालची जमीन गेली तर दुसरीकडे जाणेंही कठीण. हा नर संग्रहालयांतील नमुन्यांत पडून राहिला. पुढें डेव्हिड रेन्ट्झ या कीटकशास्त्रज्ञानें त्याची तपासणी केली, तेव्हां ही अगदीं स्वतंत्र जात असल्याचें दिसून आलें. पण त्या वाळूवर तो किडा पुन्हा कोणास आढळला नाहीं. १९७७ सालीं, म्हणजे पकडल्यास ४० वर्षें झाल्यावर, रेन्ट्झनें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें व नांव दिलें 'नेड्यूबा एक्स्टिंक्टा'. लॅटिन भाषेंत 'एक्स्टिंक्टा' म्हणजे विझलेली, नष्ट झालेली. बारसें आणि मृत्युलेख एकाच दिवशीं लिहिले गेले!

त्या एका वाळलेल्या नरावरून शरीराचें वर्णन झालें खरें. परंतु त्याची मादी कशी होती, आणि त्या वाळूवर रात्रीं त्याचा सूर कसा उमटत असे, हें आतां कोण सांगणार? १९८० सालीं अमेरिकन सरकारनें उरलेल्या टेकड्यांचा कांहीं भाग तेथील दुर्मिळ वनस्पति व कीटक यांच्यासाठीं राखून ठेवला. इतरांच्या तो उपयोगीं पडला. आमच्या झुडूपकिड्यास मात्र उशीर झाला होता.

येथें कोणी म्हणेल कीं, एक किडा गेला त्याचें एवढें काय? आमचें उत्तर असें कीं, ज्याची आपणांस ओळखच नाहीं त्याच्या रक्षणाचा विचारही मनांत येत नाहीं. ती टेकडी खणणारांच्या लेखीं तेथें केवळ वाळू होती. वर्णन ही रक्षणाची पहिली पायरी होय.

आणखी एक बोध विद्यार्थ्यांनीं घ्यावा. १९३७ सालीं टांचणीच्या चिठ्ठीवर स्थळ व साल लिहिण्याचा कोणी आळस केला असता, तर ही जात कोठली व केव्हांची हेंही कळलें नसतें. आपल्यापैकीं जे कीटक, पानें वा शिंपले जमवितात, त्यांनीं प्रत्येक वस्तूसोबत ती कोठें व कोणत्या दिवशीं मिळाली हें अवश्य टिपून ठेवावें. आणि यंदाच्या पावसाळ्यांत खिडकीशीं तो लांब मिशांचा पाहुणा आला, तर त्यास हुसकण्यापूर्वीं घटकाभर त्याचें गाणें ऐकावें.