जागतिक बँकेचे कर्ज व शेतकऱ्याचे मत

जागतिक बँक आपल्या कामाविषयी देशोदेशींच्या लोकांची मते मागविते; परंतु त्यांत अधिकारी, व्यापारी, पत्रकार व संस्थाचालक यांचाच भरणा विशेष. वाशीम जिल्ह्यांत बँकेचा पैसा आला तो सन २०१८ मध्ये कर्ज मंजूर झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पांतून. एकूण सुमारे ४,००० कोटी रुपयांपैकी २,८०० कोटी कर्जाऊ. तें फिटावयाचे सरकारी तिजोरींतून, म्हणजे आपल्याही करांतून. शेततळे, ठिबक यांस अनुदान मिळे खरे. पण आधी पदरचे घालावे, मग पावत्या दाखल केल्यावर रक्कम खात्यांत यावी. पूर्वसंमती मिळूनही ज्याजवळ रोकड नव्हती, तो लाभार्थ्यांच्या यादींत आलाच नाही. आणि मत विचारणारे बहुधा यादी पाहूनच हिंडतात! आमच्या मते अशा खातेदारांची अडचण ग्रामसभेने इतिवृत्तांत नोंदवावी, नक्कल तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी व पोंच घ्यावी.