वर्गणीआधी चिठ्ठी वाचा

गोळ्या परवडत नाहीत, हे माणूस सहसा तोंडाने सांगत नाही. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहतो, मुलांवर भार नको म्हणून गप्प राहतो आणि गोळ्या कमी करतो. आमच्या नृसिंहवाडीत देवळाच्या वाटेवर हारफुलं विकणाऱ्या एका मावशींचं हेच झालं. बीपी आणि शुगर दोन्ही, विमा कसलाच नाही. पौर्णिमेला, गुरुवारी गर्दी झाली की मेडिकलचं बिल भागायचं. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात शिरलं की दुकान उचलायचं, कमाई बंद. "दिसाआड एक घेते, म्हंजे पाकीट पुरतंय," असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या. आम्हाला ते कळलं अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

मग गल्लीने वर्गणी काढली. इथले लोक मनापासून देतात. पण बीपीची गोळी जन्मभराची आणि वर्गणी एकदाची. दुसऱ्यांदा मागायला मावशींची जीभ रेटली नसती. म्हणून आता कुणी मदतीला बोलावलं की मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरातली सगळी पाकिटं बघायला मागते. "गोळ्या घेता ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" असंच येतं. पाकीट कधी आणलं आणि त्यात किती उरल्यात, ते बघा.

मग ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पैशांची अडचण आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. यातलं एक दिवसही चुकवायचं नाही असं काय आणि नसलं तरी चालेल असं काय, हे त्यांनीच ठरवायचं, तुम्ही-मी नव्हे. कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, जे असेल ते. जनऔषधी केंद्रात याच नावाने औषध मिळतं आणि सरकार सांगतं त्याप्रमाणे ते ५० ते ८० टक्के स्वस्त असतं. जवळचं केंद्र 'जनऔषधी सुगम' ॲपवर सापडतं. फिट्सच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

इथे एक धोका आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. नवं स्वस्त पाकीट आलं तरी जुनं डब्यात तसंच राहतं. नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून म्हातारी माणसं दोन्ही घेतात आणि चक्कर येऊन पडतात. जुनं पाकीट त्यांच्यासमोर बाजूला काढा. वारलेल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या "फुकट कशाला घालवायच्या" म्हणून दुसऱ्याला देणंही तितकंच घातक.

बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंना विचारलं तर तपासणीचा दिवस कळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचारांना पैसे लागत नाहीत. एखादी गोळी त्या दिवशी नसेल तर रुग्ण निराश होऊन पुन्हा जात नाही, तेव्हा सोबत जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेवर पुष्कळ जण विसंबतात. ठरलेल्या आजारांसाठी दाखल झाल्यावर तिचा मोठा आधार आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण घरी रोज लागणारी गोळी ती देत नाही. मोठ्या रुग्णालयात, मिरजेच्या सिव्हिलला किंवा कोल्हापूरच्या सीपीआरला गेलात, तर समाजसेवा अधीक्षकांना गाठा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो; शिरोळच्या तहसीलमधून तो आधीच काढून ठेवा, माणूस खाटेवर असताना नव्हे.

आणि वाडीसारख्या गावात हे सगळं जूनच्या आत व्हायला हवं. २०१९ च्या पुरात लोक नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले होते. चिठ्ठीचा फोटो मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाईलवर ठेवा. रेशनकार्ड, आधार, केसपेपर आणि महिन्याभराच्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगा, आणि इन्सुलिन असेल तर स्थलांतराच्या ठिकाणी फ्रीज कुणाकडे आहे ते आधी विचारून ठेवा.